पाण्याखालची बाग आणि साखरेची बाटली

काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांच्या घरी एक गोष्ट हमखास पाहायला मिळते. टाकीत हौसेने लावलेल्या पाणवनस्पती पहिले आठ-दहा दिवस टवटवीत दिसतात. मग त्यांची वाढ थबकते, पाने फिकट होतात आणि हळूहळू त्यांच्यावर हिरवट-काळपट शेवाळ चढते. दिवा चांगला आहे, तळाच्या वाळूत खत आहे, आणि पाण्याला तर तोटाच नाही. मग उणीव कशाची?

प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण आठवा. प्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड या तिन्ही गोष्टी मिळाल्या तरच वनस्पती अन्न तयार करू शकते. पहिल्या दोन गोष्टी भरपूर असल्या आणि तिसरी अपुरी पडली, तर सगळी वाढ त्या तिसरीपाशी अडते. इंग्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅकमन यांनी १९०५ साली हाच नियम मांडला. त्याला ‘मर्यादक घटकांचा नियम’ म्हणतात. आपल्या टाकीतील मर्यादक घटक बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड हाच असतो. हा वायू घरच्या घरी, साखर आणि यीस्ट यांपासून तयार करून टाकीतील वनस्पतींना देता येतो. तो कसा द्यायचा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती द्यायचा, हे आपण या लेखात पाहू या. कारण त्याच टाकीत मासेही आहेत, आणि मात्रा चुकली तर ती त्यांच्या जिवावर बेतते.

वायू आहे, पण पोहोचत नाही

हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आज दहा लाख भागांत ४२० भागांहून थोडे अधिक आहे. वजनाच्या भाषेत सांगायचे तर एक लिटर हवेत सुमारे ०.७५ मिलिग्रॅम. आता पाण्याकडे वळू. विल्यम हेन्री यांनी १८०३ साली असे दाखवले, की ठरावीक तापमानाला पाण्यात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण हे पाण्यावरील त्या वायूच्या दाबाच्या समप्रमाणात असते. २५ अंश सेल्सिअसला पाण्यावर शुद्ध कार्बन डायऑक्साइड एक वातावरण दाबाने असेल, तर एक लिटर पाण्यात तो सुमारे १.४५ ग्रॅम विरघळतो. साध्या हवेत त्याचा आंशिक दाब वातावरणाच्या दहा लाखांश ४२० एवढाच. म्हणून हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ०.६ मिलिग्रॅम असतो.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. लिटरभर हवेत ०.७५ मिलिग्रॅम, लिटरभर पाण्यात ०.६ मिलिग्रॅम. म्हणजे फारसा फरक नाहीच! मग कुंडीतील तुळस बहरते आणि टाकीतील वनस्पती मात्र उपाशी राहते, असे का व्हावे?

याचे उत्तर वायूच्या साठ्यात नसून त्याच्या हालचालीत आहे. पानाला चिकटून असलेला वायू पानाने शोषून घेतला, की त्याची जागा दुरून येणाऱ्या रेणूंनी भरून निघाली पाहिजे. रेणू आपल्या स्वैर गतीने जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे पसरत जातात. या क्रियेला आपण विसरण म्हणतो. हवेत कार्बन डायऑक्साइडचा विसरणांक प्रतिसेकंद सुमारे ०.१६ चौरस सेंटिमीटर आहे, तर पाण्यात तो केवळ ०.००००१९. म्हणजे पाण्यातील विसरण आठ हजारांहून अधिक पटींनी मंद आहे.

यावरून काळाचा अंदाज काढता येतो. अंतराच्या वर्गाला विसरणांकाच्या दुपटीने भागले, की तेवढे अंतर विसरणाने पार करायला लागणारा साधारण काळ मिळतो. एक मिलिमीटर अंतरासाठी हवेत हा काळ सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा येतो, आणि पाण्यात सुमारे साडेचार मिनिटे! एक सेंटिमीटरसाठी तर पाण्यात सात तासांहून अधिक. अंतर दहा पट झाले, की काळ शंभर पट होतो, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही म्हणाल, टाकीतले पाणी फिरते ठेवले तर? पाणी फिरते ठेवण्याचा उपयोग होतोच, पण एका मर्यादेपर्यंत. कोणत्याही पृष्ठभागाला लागून द्रवाचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०४ साली या सीमास्तराची कल्पना मांडली. तुळशीच्या पानालाही असा हवेचा स्तर असतो, पण त्यातून वायू पाहता पाहता पार होतो. पाण्याखालच्या पानाला हा स्तर पाण्याचा असतो. त्यातून वायूला विसरणानेच वाट काढावी लागते, आणि तीच वाट लांबची ठरते.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पाणी मंद फिरते ठेवून स्तराची जाडी कमी करणे. दुसरा म्हणजे पाण्यातील वायूचे प्रमाण वाढवणे, म्हणजे पानापाशी आणि दूरच्या पाण्यात जो फरक असतो तो वाढेल आणि त्या प्रमाणात वायूचा ओघही वाढेल. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या काही वनस्पती पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवू शकतात. म्हणूनच त्या साध्या टाकीत तग धरतात. पाण्यातील शेवाळींसारख्या (मॉस) वनस्पतींना मात्र ही सोय नाही. त्यांना विरघळलेला वायूच हवा.

लीड्सच्या मद्याच्या कारखान्यातून

यीस्टपासून निघणारा वायू पाण्यात विरघळवण्याची कल्पना अडीचशे वर्षांची जुनी आहे. जोसेफ प्रीस्टली हे इंग्रज धर्मोपदेशक १७६७ साली लीड्स या गावी राहायला गेले. त्यांच्या घराशेजारी बिअर तयार करण्याचा कारखाना होता. आंबत असलेल्या द्रवाच्या पिंपांवर एक जड वायू साचून राहतो आणि त्यात धरलेली पेटती काडी विझते, हे त्यांनी पाहिले. त्या वायूच्या थरात त्यांनी दोन भांडी धरली आणि एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात व दुसऱ्यातले पहिल्यात असे ओतत राहिले. थोड्याच वेळात त्या पाण्याला आंबटसर, चुरचुरीत चव आली. हेच पहिले सोडावॉटर. १७७२ साली त्यांनी या विषयावर एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली.

ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात का ओतत होते? ओतताना पाण्याची धार होते, तिचे थेंब होतात, नवे नवे पाणी वायूच्या संपर्कात येते. म्हणजे पाणी आणि वायू यांच्यातील संपर्काचा पृष्ठभाग वाढतो. ही गोष्ट पुढे आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

पुढे १७७९ साली इंगेनहाऊझ यांनी पाणवनस्पतींच्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात ते थांबतात हे दाखवले. १७८२ साली जिनीव्हाच्या सेनबिए यांनी आणखी एक धागा जोडला. हे बुडबुडे येण्यासाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असावा लागतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. आपल्या टाकीचे सगळे शास्त्र या तीन प्रयोगांत आले आहे.

यीस्ट काय करते?

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. बेकरीत पावाचे पीठ फुगते ते हिच्यामुळे. गोव्यात पूर्वापार पावाचे पीठ माडाच्या सुरीने फुगवीत, कारण सुरीत हे यीस्ट आपोआप वाढलेले असते. पुरेसा प्राणवायू मिळाला नाही तर यीस्ट साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करते आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगते. ही क्रिया म्हणजे किण्वन. ते जिवंत पेशींचे काम आहे, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दाखवून दिले.

ऊस-साखरेचा एक रेणू, पाण्याचा एक रेणू मिळून अल्कोहोलचे चार व कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू तयार होतात. आता गणित करू. साखरेचा रेणुभार ३४२, कार्बन डायऑक्साइडचा ४४. म्हणजे ३४२ ग्रॅम साखरेपासून १७६ ग्रॅम वायू. आपण २०० ग्रॅम साखर घेतली तर सुमारे १०३ ग्रॅम वायू मिळेल. २५ अंशाला एका मोल वायूचे घनफळ सुमारे २४.५ लिटर धरले, तर त्याचे घनफळ ५७ लिटर भरते! प्रत्यक्षात थोडी साखर यीस्टच्या वाढीत खर्च होते आणि थोडी तशीच उरते, म्हणून वायू यापेक्षा काहीसा कमी मिळतो. एवढा वायू खोलीत सुटला तर काय, अशी भीती मात्र बाळगू नका. तो दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा सुटतो. माणूस तर एका दिवसात शेकडो लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो.

उपकरण

हे काम शिक्षकांच्या किंवा घरातील मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करा. पुढील वस्तू लागतील: सरबताची दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली, अर्ध्या लिटरची दुसरी बाटली, औषधांच्या दुकानात मिळणारा सलाईनचा नवा संच, २०० ग्रॅम साखर, पाव चमचा कोरडे यीस्ट आणि पाव चमचा खाण्याचा सोडा. काचेची बाटली मुळीच वापरू नका. ती फुटली तर तुकडे उडतात.

मोठ्या बाटलीत एक लिटर कोमट पाणी घेऊन त्यात साखर व सोडा विरघळवा. पाणी हाताला सुखद वाटेल इतपतच कोमट असावे. कढत पाण्यात यीस्ट मरते. मग यीस्ट घालून बाटली हलवा. वरचा जवळजवळ निम्मा भाग रिकामा राहिला पाहिजे, कारण फेस येतो. बुचाला नळीपेक्षा किंचित लहान भोक पाडा, नळीचे टोक तिरपे कापून ते भोकातून ओढून घ्या आणि सांधा सिलिकॉनने बंद करा. ते वाळल्यावर सांध्याला साबणाचे पाणी लावून पाहा. फुगे आले तर वायू गळतो आहे असे समजा.

ही नळी थेट टाकीत सोडू नका. ती आधी अर्धवट पाणी भरलेल्या लहान बाटलीच्या तळाशी न्या आणि त्या बाटलीच्या वरच्या मोकळ्या जागेतून दुसरी नळी टाकीकडे न्या. लहान बाटलीची दोन कामे. मोठ्या बाटलीतून फेस आलाच तर तो इथे अडतो. साखर व अल्कोहोल टाकीत गेले तर त्यावर जिवाणू माजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. दुसरे म्हणजे इथे बुडबुडे मोजता येतात.

आता दोन धोके नीट समजून घ्या.

पहिला धोका दाबाचा. नळीचे तोंड टाकीत ३० सेंटिमीटर खोल असेल तर बुडबुडा बाहेर पडण्यासाठी बाटलीतील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे २,९४० पास्कल जास्त हवा. म्हणजे वातावरणाच्या जेमतेम ३ टक्के. एवढा दाब बाटली सहज पेलते. पण वाट बंद झाली तर? बाटलीत सुमारे ०.९ लिटर मोकळी जागा आहे, थोडा वायू द्रवातही विरघळेल. ५७ लिटर वायू तेवढ्यात कोंबला तर हिशेबाने दाब तीस वातावरणांहून अधिक होतो. त्याच्या कितीतरी आधी बाटली फुटेल. म्हणून सलाईनच्या संचावर नळी दाबून बंद करण्याची जी चिमटी असते, ती काढूनच टाका. यीस्टच्या वायूला तोटी नसते, आणि ती बसवण्याचा मोह धरू नये.

दुसरा धोका उलट्या प्रवाहाचा. रात्री खोली थंड झाली किंवा किण्वन थांबले, की बाटलीतील दाब घटतो. बाटली टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल तर पाणी नळीतून मागे चढते, आणि एकदा नळी भरली की सायफन सुरू होऊन टाकीचे पाणी जमिनीवर येते. दोन्ही बाटल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवाव्या, किंवा नळीत एकाच दिशेने वायू जाऊ देणारी झडप बसवावी. ॲक्वेरियमच्या दुकानात ती मिळते.

काही तासांत बुडबुडे सुरू होतात. कधी एक दिवसही लागतो. उन्हाळ्यात वेग जास्त, थंडीत कमी. पुढे अल्कोहोल वाढते, साखर संपत येते आणि दोन-तीन आठवड्यांनी बुडबुडे थांबतात. मग द्रव मोरीत ओतून नवी बाटली लावायची. हा द्रव पिण्याचा नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

निर्माण झालेला वायू आणि विरघळलेला वायू

बुडबुडे सुरू झाले की बहुतेकांना वाटते, काम झाले. खरे तर पदार्थविज्ञानाचा भाग इथून सुरू होतो.

समजा, ५७ लिटर वायू २१ दिवसांत समान वेगाने निघाला. म्हणजे दिवसाला २.७ लिटर, मिनिटाला १.९ मिलिलिटर. चार मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्याचे घनफळ ०.०३३ मिलिलिटर असते, म्हणजे साधारण सेकंदाला एक बुडबुडा. वजनात हा वायू दिवसाला जवळजवळ ५ ग्रॅम भरतो. आता ६० लिटरची टाकी घ्या. तिच्यात वनस्पतींना उत्तम असे लिटरला २० मिलिग्रॅम प्रमाण ठेवायचे तर सगळ्या टाकीत मिळून वायू लागतो फक्त १.२ ग्रॅम. आपण रोज त्याच्या चौपट वायू सोडतो आहोत! तो सगळा विरघळला आणि मुळीच निसटला नाही, तर एका दिवसात प्रमाण ८० मिलिग्रॅमने वाढेल आणि मासे मरतील. तसे एरवी होत नाही, कारण बराचसा वायू वाया जातो.

तो दोन वाटांनी जातो. चार मिलिमीटरचा बुडबुडा ३० सेंटिमीटर पाणी सेकंद-दीड सेकंदात चढून जातो आणि वर येऊन फुटतो. विरघळायला त्याला सवडच मिळत नाही. त्याच बुडबुड्याचे एक मिलिमीटर व्यासाचे बुडबुडे केले तर ६४ होतील आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग चौपट होईल. प्रीस्टली पाणी का ओतत होते, ते आता कळले ना?

दुसरी वाट पाण्याच्या पृष्ठभागाची. हवेशी समतोल साधणारे प्रमाण ०.६ मिलिग्रॅम. आपण ठेवणार २० मिलिग्रॅम, म्हणजे तेहतीस पट. साहजिकच वायू सतत पाण्यातून हवेत निसटत राहतो. तळाला भोक असलेली बादली नळाखाली ठेवली, की पाणी वाढत जाते, आणि वरून येणारे व खालून जाणारे पाणी सारखे झाले की पातळी स्थिरावते. टाकीतही नेमके हेच होते. वायू विरघळण्याचा वेग आणि निसटण्याचा वेग जिथे सारखे होतात, तिथे प्रमाण स्थिर राहते. म्हणून बाटलीत किती वायू तयार झाला यावरून टाकीत किती आहे हे ठरत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाची खळबळ वाढवा, निसटण्याचा वेग वाढेल. म्हणजे दिवसा हवेचा पंप जोरात चालवणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

मग विरघळण्याचा वेग आटोक्यात कसा ठेवावा? एक साधी युक्ती आहे. एक छोटी पारदर्शक वाटी टाकीत पाण्याखाली उपडी बसवा आणि वायूची नळी तिच्याखाली सोडा. वाटीत वायू साचतो आणि तिच्या तोंडाएवढ्या पृष्ठभागातून सावकाश विरघळतो. जास्तीचा वायू कडेने बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. यीस्टने कितीही घाई केली तरी वाटीच्या तोंडाचे क्षेत्रफळ वाढत नाही. तोटीचे काम इथे क्षेत्रफळ करते! वनस्पतींना वायू कमी पडला तर थोडी मोठी वाटी घ्या. पाण्यातले नायट्रोजन व प्राणवायू हळूहळू वाटीत शिरतात, म्हणून रोज एकदा वाटी तिरपी करून रिकामी करावी.

मासे काय सांगतात?

कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणजे तो पाण्यातल्या प्राणवायूला बाहेर ढकलतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पाण्यात प्रत्येक वायू आपल्या स्वतःच्या आंशिक दाबाप्रमाणे विरघळतो. एकाच्या वाढीने दुसरा कमी होत नाही. मग माशांना त्रास का व्हावा?

माशाच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांतून पाण्यात जातो तोही विसरणानेच. बाहेरच्या पाण्यात तो वाढला की रक्त आणि पाणी यांतील फरक घटतो, वायू रक्तात साठतो आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागते. अशा रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती कमी होते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ क्रिस्तियन बोर व त्यांचे सहकारी यांनी १९०४ साली हा परिणाम दाखवला. म्हणजे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. तो पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतो, कल्ले भराभर हलवतो. असे दिसताच वायूची नळी बाहेर काढा, हवेचा पंप जोरात लावा आणि थोडे पाणी बदला.

रात्री विशेष जपावे लागते. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबते, पण वनस्पतींचे श्वसन चालूच असते. त्या प्राणवायू घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. यीस्टला तर दिवस काय नि रात्र काय! म्हणजे रात्री खर्च बंद आणि जमा दुप्पट. म्हणून दिवा मालवताना हवेचा पंप सुरू करावा, म्हणजे जास्तीचा वायू निसटून जातो आणि प्राणवायूही भरून निघतो.

मोजायचे कसे?

मासे गुदमरेपर्यंत वाट पाहणे ही काही मोजण्याची रीत नव्हे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात किंचित कार्बनिक आम्ल तयार करतो, म्हणून दर्शकाच्या रंगावरून त्याचे प्रमाण कळते. टाकीच्या पाण्यात इतरही आम्ले असू शकतात. ती टाळण्यासाठी ठरावीक द्रावण वापरू आणि वायूला त्याच्यापर्यंत हवेतून येऊ देऊ.

बॅटरीत घालायचे ऊर्ध्वपातित पाणी एक लिटर घेऊन त्यात १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. त्यातील १०० मिलिलिटर घेऊन त्याच पाण्याने एक लिटर करा. आता द्रावणात लिटरला १२० मिलिग्रॅम सोडा झाला. लहान कुपीत हे द्रावण जेमतेम अर्धा सेंटिमीटर उंचीचे घ्या आणि त्यात शाळेच्या प्रयोगशाळेतील ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन थेंब टाका. एका बरणीत टाकीतले पाणी न खळबळता जवळजवळ काठोकाठ भरा, कुपी दोऱ्याने अशी टांगा की तिचे तोंड पाण्याच्या वर राहील, आणि झाकण घट्ट लावा. अधूनमधून बरणी अलगद हलवा आणि दोन-तीन तासांनी पांढऱ्या कागदासमोर रंग पाहा. कुपीत द्रावण इतके थोडे का घ्यायचे, हे विसरणाच्या गणितावरून तुम्हीच सांगाल. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारा ‘ड्रॉप चेकर’ याच तत्त्वावर चालतो.

या द्रावणापुरता हिशेब असा:

सामू ७.६, रंग निळा: लिटरला सुमारे ३ मिलिग्रॅम. वनस्पतींना अपुरा.
सामू ७.०, रंग हिरवा: सुमारे १२ मिलिग्रॅम. ठीक.
सामू ६.६, रंग पोपटी: सुमारे ३० मिलिग्रॅम. ही वरची मर्यादा.
सामू ६.०, रंग पिवळा: सुमारे १२० मिलिग्रॅम. माशांना घातक.

रंग हिरवा ते पोपटी यांच्या दरम्यान असावा. प्रत्येक जातीच्या माशांची सहनशक्ती वेगळी असते, म्हणून सुरुवात लहान वाटीने करावी आणि दोन-तीन दिवस रंग पाहूनच ती वाढवावी. एकदा दिवा मालवण्यापूर्वी आणि एकदा पहाटे, असे दोनदा मोजले तर रात्रीचा फरकही कळेल.

शाळेसाठी प्रयोग

सारख्या आकाराच्या तीन बरण्या, प्रत्येकीत हायड्रिलाची सारख्या लांबीची ताजी कापलेली फांदी, कापलेले टोक वर. पहिलीत साधे पाणी, दुसरीत वायू दिलेले पाणी, तिसरीतही वायू दिलेले पाणी. पण ही तिसरी बरणी काळ्या कागदाने गुंडाळलेली. तिन्ही एकाच दिव्यासमोर ठेवून दहा मिनिटांनी देठाच्या टोकातून मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजा.

तिसरी बरणी कशासाठी? वायूने भरलेल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड स्वतःच बुडबुड्यांच्या रूपाने सुटू शकतो. सोडावॉटरमध्ये बुडवलेल्या काडीवर फुगे दिसतात, तसेच हे. ते बुडबुडे पाहून ‘वनस्पती प्राणवायू सोडते आहे’ असे म्हटले तर निष्कर्ष चुकेल. अंधारात बुडबुडे थांबले आणि उजेडात आले, तरच ते प्रकाशसंश्लेषणाचे. आणखी खात्री हवी तर बुडबुडे परीक्षानळीत साठवून त्यात निखारलेली उदबत्ती धरून पाहा.

मग दुसऱ्या बरणीपुढचा दिवा दूर न्या. बुडबुडे घटतील. आता मर्यादक घटक कोणता झाला? वायू भरपूर असून उजेड कमी पडला, तर वायूचा उपयोग नाही. टाकीतही दिवा मंद असेल तर साखरेची बाटली लावण्यात अर्थ नाही.

थोडा विचार करा

१. १२० ग्रॅम साखरेपासून २५ अंशाला जास्तीत जास्त किती लिटर कार्बन डायऑक्साइड मिळेल?

२. पानावरील पाण्याच्या सीमास्तराची जाडी अर्धी केली, तर तो पार करायला वायूला लागणारा काळ किती पट होईल?

३. उपड्या वाटीच्या तोंडाचा व्यास ४ सेंटिमीटरवरून ६ सेंटिमीटर केला, तर वायू विरघळण्याचा वेग किती पट वाढेल? टाकीतील प्रमाणही तेवढ्याच पटीने वाढेल का?

४. बाटलीतून सेकंदाला एक बुडबुडा येतो आहे, तरी दर्शकाचा रंग निळाच आहे. वायू कोणकोणत्या वाटांनी जात असेल? प्रत्येक वाट तपासण्यासाठी एकेक प्रयोग सुचवा.